मुनस्यारीला जायचंय? हॉटेल शेवटी बघा, आधी रस्ता आणि उजेड यांचा हिशोब करा

मुनस्यारीचा विचार करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो हॉटेलचा, मग कुठले पॉइंट बघायचे त्याचा, आणि रस्त्याचा विषय निघतो तो काठगोदामला गाडीत बसल्यावर, जेव्हा ड्रायव्हर सांगतो की आज पोचणं जमेलसं वाटत नाही. मनाली किंवा नैनीतालला हे चालून जातं कारण तिथे रात्री दहाला पोचलात तरी हॉटेल उघडं असतं, खायला मिळतं, पण शांत ठिकाणं शांत राहिलीत तीच मुळात लांब असल्यामुळे. म्हणून इथलं प्लॅनिंग उलट्या क्रमाने करावं लागतं: दिवस, महिना, ट्रेन, मुक्काम, गाडी आणि सगळ्यात शेवटी काय बघायचं ते. क्रम चुकला की बाकी सगळं व्यवस्थित करूनही ट्रिप गाडीतच संपते.

थोडक्यात भूगोल सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. मुनस्यारी उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यात आहे, साधारण २,२०० मीटर उंचीवर, समोर गोरी गंगेची दरी आणि दरीपलीकडे पंचाचूलीची पाच शिखरं. जवळचं उपयोगाचं रेल्वे स्टेशन काठगोदाम, आणि तिथून रस्ता सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. आपल्याकडे हे अंतर पाच तासांचं वाटतं, तिथे दहा ते बारा तास धरा, तेही रस्ता उघडा असेल तर.

टप्पा १: आधी सुट्टी मोजा, आणि कमी असेल तर मुनस्यारी सोडून द्या

मुंबई-पुण्याहून ट्रेनने जाऊन यायचं तर घरापासून घरापर्यंत दहा दिवस हवेत. विमानाने दिल्लीपर्यंत गेलात तर आठ. यापेक्षा कमी असतील तर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मग मुनस्यारीत एकच रात्र उरते आणि त्या रात्री ढग असले तर तुम्ही पंचाचूली न बघता परत येता.

दहा दिवस असे पडतात:

पहिला दिवस घरून निघणं. दुसऱ्या दिवशी दिल्ली आणि रात्रीची काठगोदामची ट्रेन. तिसऱ्या दिवशी सकाळी काठगोदामला उतरून फक्त अल्मोड्यापर्यंत, म्हणजे तीन-चार तासांचा प्रवास, आणि तिथे आराम. चौथ्या दिवशी अल्मोडा ते मुनस्यारी, हा मोठा दिवस. पाचवा आणि सहावा मुनस्यारीत. सातव्या दिवशी खाली चौकोडीला. आठव्या दिवशी चौकोडी ते काठगोदाम आणि रात्रीची ट्रेन. नववा-दहावा परतीचा.

बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर चौथ्या दिवशीही चौकोडीलाच थांबा आणि पाचव्या दिवशी वर जा, पण मग एक दिवस वाढवा. हा दिवस मुनस्यारीतल्या मुक्कामातून कापू नका. नेमकं हेच सगळे करतात.

पाच-सहा दिवसच मिळाले असतील तर चौकोडी, कसारदेवी किंवा बिनसर, यातलं एकच ठिकाण घ्या आणि तिथे तीन रात्री रहा. चौकोडी साधारण २,००० मीटरवर आहे आणि तिथून उत्तरेकडची हिमशिखरांची रांग आरामात दिसते. यात काही कमी पडल्यासारखं वाटून घेऊ नका, शांतता हवी होती ती तिथेही आहे.

सावधान: नैनीताल, कौसानी, मुनस्यारी, औली असं सगळं एका ट्रिपमध्ये बसवून देणारं पॅकेज दिसलं तर नकाशावर रोजचे तास मोजून बघा. त्यात रोज सात-आठ तास गाडीतच असतात.

टप्पा २: महिना ठरवताना शाळेची सुट्टी बघू नका, आकाश बघा

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त चुकवतात, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे हिमालय म्हणजे मे महिना असं डोक्यात पक्कं बसलेलं आहे. मे महिन्यात तिथे हवा छान असते यात शंका नाही, पण खालच्या मैदानातली धूळ वर चढलेली असते आणि कुमाऊंमधल्या चीडच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलात वणवे लागलेले असतात. चीडची वाळलेली पानं, ज्याला तिथे पिरुल म्हणतात, जमिनीवर जाड थराने पसरलेली असतात आणि ती फार लवकर पेट घेतात. २०२४ च्या एप्रिलअखेरीस नैनीतालजवळचा वणवा विझवायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर लावावं लागलं होतं. अशा दिवसांत धूर दऱ्यांमध्ये साचून राहतो आणि समोरचं शिखर दिवसभर दिसत नाही. मधेच एखादा जोरदार पाऊस पडला की दोन दिवस सगळं लख्ख होतं, पण तो पाऊस तुमच्या तारखांना पडेल याची खात्री काय?

जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जाऊच नका. वाटेतल्या थल गावाच्या पुढचा रस्ता पावसात दरड पडून बंद होतो, कधी काही तास तर कधी काही दिवस. "पावसात किती हिरवं असतं" हे खरं आहे, पण अडकलात तर परतीची ट्रेन गेलीच.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हा खरा काळ. पाऊस धूळ धुऊन गेलेला असतो, आकाश स्वच्छ, दरडी बऱ्याच थांबलेल्या. आपली दिवाळीची सुट्टी इथे अगदी बरोबर बसते, म्हणून मुलांच्या शाळेमुळे मे-दिवाळी यातलंच निवडायचं असेल तर डोळे झाकून दिवाळी घ्या. थंडी असेल, पण थंडीवर कपडे घालता येतात, धुरावर काही करता येत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये बुरांस फुलतो, जंगल लालभडक होतं, शिखरंही बऱ्यापैकी दिसतात, हा दुसरा चांगला काळ. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी बर्फ पडतं आणि मुनस्यारीच्या आधीची कालामुनीची खिंड, साधारण २,७०० मीटर, बंद होऊ शकते. बर्फासाठीच जायचं असेल तर दोन दिवस जास्तीचे ठेवूनच जा.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही ती म्हणजे सूर्यास्ताची वेळ. मुनस्यारी आपल्यापेक्षा बरीच पूर्वेला आणि उत्तरेला आहे, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये मुंबईत सहाला सूर्य मावळत असतो तेव्हा तिथे सव्वापाचच्या आसपासच मावळलेला असतो. आपल्या सवयीने "सहापर्यंत उजेड आहे की" असं धरून निघालेले लोक शेवटचा घाट अंधारात चढतात. रोजचा प्रवास साडेचारला संपेल असाच आखा.

टप्पा ३: ट्रेनची तिकिटं, दोन्ही बाजूंची

आता तारखा पक्क्या झाल्या, की पहिली गोष्ट ट्रेन. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० दिवस असायचं ते नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. तुमची चार तिकिटं चार वेगवेगळ्या तारखांना उघडणार: घर ते दिल्ली, दिल्ली ते काठगोदाम, आणि परतीची दोन. चारही तारखा कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. लोक जातानाची दोन काढतात, खूश होतात आणि परतीचं आठवतं तेव्हा वेटिंग शंभरच्या वर गेलेलं असतं.

दिल्लीहून काठगोदामला रात्री जुन्या दिल्लीहून सुटणारी रानीखेत एक्सप्रेस सगळ्यात सोयीची, पहाटे उतरवते म्हणजे अख्खा दिवस हातात मिळतो. नवी दिल्लीहून सकाळची शताब्दीही आहे, ती दुपारच्या सुमारास पोचवते, तिने गेलात तर त्या दिवशी भीमताल किंवा फार तर अल्मोडा.

सावधान: दिल्लीत स्टेशन एक नाही. मुंबईची राजधानी नवी दिल्लीला जाते, ऑगस्ट क्रांती आणि पुण्याची दुरांतो हजरत निजामुद्दीनला, आणि रानीखेत एक्सप्रेस पकडायची असते दिल्ली जंक्शनला, म्हणजे जुन्या दिल्लीला. सामान आणि घरची मंडळी घेऊन हे अंतर कापायला दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये भरपूर वेळ जातो. दोन ट्रेनच्या मधे निदान सहा तास ठेवा. धुक्याच्या दिवसात, डिसेंबर-जानेवारीत, सहाही कमी पडतात.

तात्काळच्या भरवशावर राहणार असाल तर आधारने पडताळलेलं आयआरसीटीसी खातं लागतं, ते आदल्या दिवशी करायला बसू नका.

तपासून घ्या: चारही तिकिटं कन्फर्म आहेत का? नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका, हॉटेलला पैसे तर अजिबात पाठवू नका.

टप्पा ४: राहायची जागा

इथे आलात म्हणजे आता हॉटेल. मुनस्यारीत तीन पर्याय आहेत: बाजारातली हॉटेलं, कुमाऊं मंडल विकास निगमचं गेस्टहाऊस, आणि सरमोली गावातले होमस्टे. निगमच्या जागा साध्या असतात पण बऱ्याच ठिकाणी लोकेशन छान असतं. शांततेसाठी जाणार असाल तर सरमोली, तिथे गावातल्या बायकांनी चालवलेले होमस्टे आहेत, घरातच राहता, घरचं जेवता. बाथरूम कसं आहे, खोलीला लागून आहे की बाहेर, हे मात्र आधीच विचारा, वयस्कर माणसांना रात्री थंडीत बाहेर जावं लागू नये.

फोन करताना हे प्रश्न विचारा, हिंदीतच विचारा म्हणजे गोंधळ नको:

"पंचाचूली कमरे से दिखती है या छत से?" जाहिरातीत व्ह्यू लिहिलेला असतो, तो बऱ्याचदा गच्चीवरचा असतो.

"गाड़ी दरवाज़े तक आती है या पैदल चढ़ना है?" डोंगरावर पाच मिनिटं चालायचं म्हणजे शंभर पायऱ्या असू शकतात. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

"लाइट गई तो गरम पानी मिलेगा?" वीज जाते, आणि गीझर विजेवर असतो. बादलीभर गरम पाणी करून देतील असं उत्तर आलं तर उत्तम.

रात्रीच्या जेवणाचंही विचारून ठेवा. तिथे जेवण सांगितल्यावर बनवतात, दुपारीच सांगावं लागतं, रात्री नऊला मेन्यूकार्ड मागून उपयोग नाही. शाकाहारी लोकांना काहीच अडचण येत नाही, मुनस्यारीचा राजमा, भट्टची म्हणजे काळ्या सोयाबीनची चुडकाणी, मंडुव्याची म्हणजे आपल्या नाचणीची भाकरी, आलू के गुटके, सगळं आपल्या तोंडाला रुचतं.

शिखरांच्या दिशेबद्दल एक सांगतो. पंचाचूली मुनस्यारीच्या पूर्वेला आहे. म्हणजे सूर्य शिखरांच्या मागून उगवतो, आणि सकाळी आकाश स्वच्छ असलं तरी शिखरं बराच वेळ काळसर दिसतात. रंग चढतो तो संध्याकाळी, सूर्य मावळताना, तेव्हा पाचही शिखरं आधी सोनेरी आणि मग गुलाबी होतात. सनराइजसाठी पहाटे चारला उठणारे आणि नेमके संध्याकाळी बाजारात शॉपिंगला जाणारे खूप बघितलेत, फार वाईट वाटतं. संध्याकाळी चार ते साडेपाच कुठेही जाऊ नका, खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून बसा. चौकोडीला उलट, तिथे शिखरं उत्तरेला असल्यामुळे पहाट जास्त चांगली.

टप्पा ५: गाडी आणि ड्रायव्हर

काठगोदाम-हल्द्वानीहून शेअर जीप मिळतात, पण त्या सकाळी लवकर सुटतात आणि एका दिवसात थेट मुनस्यारीला नेतात. एकटे किंवा दोघं तरुण असाल तर चालेल, आदल्या दिवशी सीट सांगून ठेवा आणि पुढची मागा. कुटुंबाला गाडी ठरवणंच बरं.

गाडी ठरवताना दिल्लीहून नेऊ नका. दिल्लीचा ड्रायव्हर हायवेला उत्तम असतो, पण समोरून बस आल्यावर अरुंद वळणावर मागे कशी घ्यायची हे रोज डोंगरात चालवणाऱ्यालाच जमतं. गाडीचा नंबर यूके ०४ असेल तर ती हल्द्वानीकडची, यूके ०५ असेल तर पिथौरागढची, यूके ०१ अल्मोड्याची. पिवळी पाटी हवीच. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, वाटेत पोलिसांनी अडवलं किंवा अपघात झाला तर विमा कामाला येत नाही.

भाव ठरवताना एकूण आकडा ठरवा आणि त्यात काय काय आलं ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: डिझेल, ड्रायव्हरचं राहणं-जेवण, पार्किंग, आणि मुनस्यारीत मुक्कामाच्या दिवशी गाडी फिरवणार की उभी राहणार. भांडणं होतात ती याच शेवटच्या मुद्द्यावरून. रस्ता बंद पडून एक दिवस वाढला तर किती द्यायचे हेही आत्ताच बोलून घ्या.

बारा-पंधरा जणांचा ग्रुप असेल तर टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा दोन लहान गाड्या घ्या. ट्रॅव्हलर वळणावर मागच्या सीटला जास्त हलतो, आणि उलट्यांचं प्रमाण तिथेच जास्त असतं.

टप्पा ६: रस्त्याचे दोन दिवस, घड्याळ लावून

काठगोदाम ते अल्मोडा. काठगोदामला पहाटे उतरलात की स्टेशनवर रेंगाळू नका. भवालीच्या पुढे कैंची धाम, म्हणजे नीम करोली बाबांचा आश्रम, आहे आणि तिथे आता वर्षभर गर्दी असते, शनिवार-रविवारी तर गाड्या तासन् तास हलत नाहीत. सकाळी आठच्या आत तिथून पार झालात तर प्रश्न नाही. १५ जूनला तिथे मोठा मेळा असतो, त्याच्या आगेमागे या रस्त्याने जाऊच नका. ड्रायव्हरला आदल्या रात्री फोन करून कैंची आणि क्वारब दोन्हीची स्थिती विचारा, क्वारबला अल्मोड्याच्या अलीकडे डोंगर खचत असतो आणि तिथे रस्ता मधूनमधून बंद करतात. पर्यायी रस्ता लांब पडतो पण अडकण्यापेक्षा बरा.

अल्मोड्यात तीन कामं करून घ्या: एटीएममधून पैसे, औषधं, आणि गाडीत पूर्ण टाकी डिझेल. पुढेही मिळतं, पण मुनस्यारीच्या एटीएममध्ये पैसे असतीलच असं नाही, आणि नेटवर्क गेलं की यूपीआयही थांबतं. होमस्टे, जेवण आणि ड्रायव्हर मिळून जेवढा खर्च आहे तेवढी रोकड खिशात हवी.

अल्मोडा ते मुनस्यारी. सकाळी सहा, फार तर साडेसहाला गाडी हलली पाहिजे. नाश्ता करून निघू म्हणालात की साडेआठ होतात आणि तिथेच दिवस हातातून जातो. पराठे बांधून घ्या. रस्ता सेराघाटला खाली उतरतो, मग बेरीनागकडे चढतो, थलला परत खाली रामगंगेच्या काठी येतो आणि तिथून नाचनी, बिर्थी, कालामुनी करत मुनस्यारी. म्हणजे दिवसभर चढ-उतार आणि वळणं.

ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी गाडी सुटायच्या निदान तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात राहतच नाही. कुठली गोळी आणि किती हे डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः लहान मुलांसाठी आणि आधीची औषधं चालू असणाऱ्यांसाठी, कारण यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. अगदी रिकाम्या पोटी बसू नका आणि तळलेलंही खाऊ नका, पुढच्या सीटवर बसवा, फोन बघू देऊ नका.

तपासून घ्या, घड्याळ लावून: थल दुपारी बाराच्या सुमारास. बिर्थी दुपारी तीनच्या आत. बिर्थीला रस्त्याला लागूनच उंच धबधबा आहे, जेवायला थांबायची तीच जागा, पण तीन वाजून गेले असतील आणि वर कालामुनीवर काळे ढग किंवा बर्फ असेल तर तिथेच मुक्काम करा. निगमचं गेस्टहाऊस बिर्थीतही आहे. एक रात्र मुनस्यारीची कमी झाली म्हणून हळहळ वाटेल, पण अंधारात आणि बर्फात कालामुनी चढण्याइतकं धोक्याचं त्या ट्रिपमध्ये काहीच नाही.

ड्रायव्हर "नहीं जाएंगे" म्हणाला तर त्याचं ऐका. त्याला भरीस घालू नका, जास्तीचे पैसे देऊ नका. हे मी कळकळीने सांगतोय.

टप्पा ७: बॅग

इथे थोडक्यात, कारण याद्या सगळीकडे मिळतात. एकच जाड जॅकेट नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या: आतला थर्मल, मधे स्वेटर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं. दुपारी उन्हात टीशर्टवर बसाल आणि पाच वाजता तिन्ही थर लागतील. सुती मोजे आणि जीन्स ओले झाले की वाळत नाहीत, जास्तीचे मोजे घ्या. रबराची गरम पाण्याची पिशवी फार उपयोगी पडते, रात्री पांघरुणात पायाशी ठेवायला. पॉवर बँक, टॉर्च, नेहमीची औषधं दोन वेगवेगळ्या बॅगांमध्ये विभागून, आणि आधारकार्डची झेरॉक्स. चाकांच्या मोठ्या बॅगा टाळा, पायऱ्यांवर त्या उचलाव्याच लागतात.

फोनमध्ये त्या भागाचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, आणि दरड-रस्ता-आपत्तीसाठी राज्याचा १०७०, जिल्ह्याचा १०७७, हे कागदावरही लिहा. बॅटरी संपली की फोनमधले नंबर गेलेच.

टप्पा ८: तिथे पोचल्यावर

पहिल्या संध्याकाळी काहीही करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सरमोलीहून महेश्वरी कुंडापर्यंत चाला, सोपं आहे. गावातली नंदादेवी मंदिराची जागा मोकळी आहे आणि तिथून दरी पूर्ण दिसते. दरकोट गावात लोकरीचं विणकाम बघता येतं. जोहार खोऱ्यातल्या शौका लोकांचं, तिबेटशी व्यापार करणाऱ्यांचं, छोटं खाजगी संग्रहालय आहे, ते चुकवू नका, हा भाग नक्की कसा जगायचा ते तिथे समजतं.

तिसऱ्या दिवशी ताकद असेल तर खलिया टॉप. हा साधारण ३,५०० मीटरवर आहे, बलाती बँडपर्यंत गाडी आणि पुढे चढाई, पूर्ण दिवसाचं काम. यात होणाऱ्या चुका अशा:

पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी जाणं. मुनस्यारीच्या उंचीवर सहसा त्रास होत नाही, खलियाला काहींना डोकं दुखणं, मळमळ सुरू होते. मधे एक दिवस जाऊ द्या. डोकं दुखायला लागलं आणि बसून थांबत नसेल तर वर जायचं नाही, खाली उतरायचं.

सकाळी नऊला निघणं. सहाला निघा, दुपारी ढग भरतात आणि वर जाऊन पांढरं धुकं बघून यावं लागतं. कितीही वर पोचला असलात तरी एकला परत फिरा.

गाइड न घेणं. वरच्या मोकळ्या कुरणात, ज्याला तिथे बुग्याल म्हणतात, ढग उतरले की वाट दिसत नाही. गावातलाच माणूस घ्या, होमस्टेची दीदी सांगते कोणाला बोलवायचं ते. बुग्यालवर प्लास्टिक टाकू नका आणि तिथे आग पेटवू नका, ते गवत परत यायला फार वर्षं लागतात.

दोन गैरसमज इथेच दूर करतो. पंचाचूली बेस कॅम्प मुनस्यारीहून होत नाही. शिखरं समोर दिसतात म्हणून लोक धरून चालतात, पण तो दारमा खोऱ्यात आहे, धारचुलाकडून दुक्तू गावापर्यंत जावं लागतं, वेगळी ट्रिप आहे. आणि मिलम ग्लेशियर म्हणजे "एक दिवसात बघून येऊ" नाही, तो बऱ्याच दिवसांचा ट्रेक आहे आणि त्याला इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जायची सरकारी परवानगी, लागतं. मुनस्यारी गावात राहायला मात्र कुठलंही परमिट लागत नाही.

टप्पा ९: परत येताना

परतीला लोकांना वाटतं आता उतारच आहे, लवकर होईल. होत नाही, तोच रस्ता, तीच वळणं, आणि माणसं थकलेली. मुनस्यारीहून काठगोदामची रात्रीची ट्रेन त्याच दिवशी पकडायचा बेत करू नका, कोणी कितीही सांगो. मधे चौकोडीची रात्र हवी.

चौकोडीहून पाताल भुवनेश्वरची गुहा जवळ पडते म्हणून ट्रेनच्या दिवशी "वाटेत करून घेऊ" असं होतं. ती वाटेत नाही, आणि गुहेत साखळी धरून अरुंद भोकातून खाली उतरावं लागतं. दमा, ब्लडप्रेशर, गुडघ्याचा त्रास किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी आत जाऊ नये. करायचीच असेल तर मुनस्यारीहून उतरायच्या दिवशी सकाळी लवकर निघून दुपारी करा, ट्रेनच्या दिवशी नाही.

ट्रेनच्या दिवशी चौकोडीहून सकाळी सहाला निघा. सात-आठ तासांत काठगोदाम होतं, पण कैंचीचा जाम दुपारनंतर दोन्ही बाजूंनी असतो. चार वाजता स्टेशनला पोचून तीन-चार तास बसावं लागलं तर बसा, वेटिंग रूममध्ये चहा पीत बसणं कैंचीला गाडीत बसून घड्याळ बघण्यापेक्षा कितीतरी बरं. दिल्लीहून विमान असेल तर ते काठगोदामहून सुटलेल्या ट्रेनच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं घेऊ नका, संध्याकाळचं घ्या.

तपासून घ्या, निघायच्या आदल्या रात्री: ड्रायव्हरला फोन करून थलपर्यंतचा आणि पुढचा रस्ता उघडा आहे ना. होमस्टेचा हिशोब रात्रीच रोख देऊन टाका, सकाळी सहाला सुट्टे पैसे कोणाकडेच नसतात. आणि हवामान खात्याचा पिथौरागढ, बागेश्वर, अल्मोडा, नैनीताल या चारही जिल्ह्यांचा अंदाज बघा, फक्त मुनस्यारीचा बघून चालत नाही कारण रस्ता बंद पडतो तो बऱ्याचदा खालीच. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर एक दिवस आधी उतरा.